सातवी टोपली

विश्वामित्रीच्या काठावर नऊ टोपल्या,
जुन्या सायकलींच्या साखळ्या टांगून उभ्या केलेल्या.
सगळ्यात लांबची पासष्ट पावलांवर.
"एवढंच?" म्हणाले होते मी पहिल्या दिवशी,
आणि चकती थेट करंजाच्या खोडावर. ठक्क.

दमयंतीबेन हसल्या नाहीत.
गुडघ्याला पट्टा, पायांत कॅनव्हासचे बूट,
त्या नुसतं मनगट हलवतात,
घाईच्या पंगतीत पोळी टाकावी तसं,
आणि चकती कडुनिंबाला वळसा घालून
साखळ्यांत शिरते. खळ्ळ.

सातवीला झाडं दाट,
रांगेत नाहीत, गप्पा मारत थांबल्यासारखी.
मधे दीड हात उजेड.
त्यातूनच काढायची.
जोर घरी ठेवून येत जा, बेन म्हणतात.

काल माझी निघाली.
एका पानालाही न लागता निघाली,
टोपलीवरून, बांधावरून,
उताराने खाली नदीकडे.

चिखलात मगर ऊन खात पडलेली.
तिच्या जबड्यापासून हातभर अंतरावर
माझी केशरी चकती.
दोघी हलायला तयार नाहीत.

आम्ही बराच वेळ बांधावर उभ्या.
मग बेननी पिशवीतून वही काढली,
पेन्सिलीला थुंकी लावली:
"दंडाचा एक धरून
चार लिहू ना?"