चावी

दोघी जाणार होतो मोझांबिकला.
रोझालिनचं लग्न ठरलं, उरले मी.
फादर म्हणाले, पुढच्या वर्षी सोबत मिळेल.
म्हटलं, ताप मोजायला किती जणी लागतात?

कोर्लईच्या वळणावर एसटी.
इनासकाका बॅग डिकीत टाकू देत नाहीत.
आत सोडे आहेत,
बायबलला वास लागला तर लागू दे,
पहिले बोलावलेले तेही मासळीवालेच होते.

माय बोलत नाही.
खारट बोटांनी घराची चावी
माझ्या मुठीत कोंबते.
ज्या दाराला आम्ही रात्रीसुद्धा नुसती कडी लावतो,
त्या दाराची.

पपा आलेच नाहीत.
पुलावरून दिसले, खाली ओहोटीत
कलंडल्या होडीला टेकून जाळं सांधताना.
मान वर नाही.
एसटी दिसेनाशी होईस्तोवर
ते तीच गाठ मारत राहतील.

मी तिथल्या भाषेचं पुस्तक उघडते.
'आमच्या बापा' अजून जिभेवर अडखळतं,
पण साबणाला तिकडे साबांव म्हणतात,
पावाला पांव,
चावीला शाव.
म्हणजे जखम धुता येईल,
कुणाला तरी खाऊ घालता येईल.

दाराला काय म्हणतात ते शोधत होते,
तेवढ्यात कंडक्टर आला.
एकच?
एकच, म्हटलं.