एकशे पाच

पगाराच्या चिठ्ठीवर, फंडाच्या खाली,
एक ओळ असते: ईएसआय, एकशे पाच.
मी आजारी असो नसो, ती कापतात.

वैदुवाडीच्या तोंडाशी डॉक्टर बोरावके बसतात,
ते घेतात दीडशे.
आकडे तेच. शून्य आणि पाच यांनी
जागा बदलल्यात फक्त.

कार्डाचा दवाखाना उघडतो नऊला.
मी सातला मशीनवर असते.
खोकला दाखवायचा तर आधी
ढवळे सुपरवायझरच्या टेबलापुढे उभं राहायचं,
आणि त्यांच्यासमोर नेमका खोकला येत नाही.
अर्धा दिवस बुडाला की अडीचशे,
वर रिक्षाचे चाळीस.
फुकट गोळी केवढ्याला पडते
ते मी एकदा वहीत मांडलं
आणि पान दुमडून ठेवलं.

शाहीन मात्र जाते. दोन बस बदलून,
जिथे बाई डॉक्टर आहे तिथेच,
कारण अंगावरून जातं हे वाक्य
तिला बुवामाणसापुढे पुरं करता येत नाही.
कळसकरकाकू सुई देईल त्याच्याकडे.
टोचलं नाही तर त्यांना वाटतं
आपल्याला नुसतंच बघून पाठवलं.
लोडिंगवरचा रामप्रवेश मेडिकलवाल्याला विचारतो, बस.
त्याच्या कार्डावर त्याच्या बापाचं नाव
भलत्याच माणसाचं आहे,
आणि ते दुरुस्त करायलाही एक खाडा लागतो.

माझा नियम सोपा होता:
बारक्या दुखण्याला बोरावके, मोठ्याला कार्ड.
पण बारकं की मोठं, हे ठरवायचं कोणी?
मीच. रात्री, भांडी घासताना.
डॉक्टरकडे जायच्या आधीची डॉक्टर मी,
सातवीपर्यंत शिकलेली.

उजव्या हाताची तीन बोटं झोपायला लागली तेव्हा
मी म्हटलं, बारकं.
बोरावके म्हणाले, ताकद कमी आहे.
लाल इंजेक्शन. दीडशे.
पुन्हा लाल. पुन्हा दीडशे.
माणूस वाईट नाही, रात्री दहापर्यंत बसतो,
पोराच्या तापात एकदा पैसे राहू द्या म्हणाला होता.
आठ महिने मी त्या राहू द्याच्या भरवशावर गेले.

मग एका मंगळवारी हातातून वरणाचं पातेलं सुटलं
आणि दुखणं मोठं झालं.

कार्डाच्या दवाखान्यात माझा नंबर एकसष्ट.
पंखा फिरत होता, वारा दुसऱ्या बाकावर.
आतल्या डॉक्टरने मान वर केली नाही,
नुसतं विचारलं:
काम काय करता?

आठ महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.
मी हवेतच करून दाखवलं:
वायर घ्यायची, पिन घालायची, दाबायचं.
दिवसाला किती वेळा?
बावीसशे, म्हटलं. टार्गेट चोवीसशे आहे.
तेव्हा त्याने मान वर केली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.
गोळ्या शिल्लक नव्हत्या.
नसांची तपासणी बिबवेवाडीला, पाच आठवड्यांनी,
आणि त्या दिवसाचाही खाडा.
चिठ्ठी मी कार्डाच्या पाकिटात ठेवली.
तिथे त्याने माझ्या बोटांच्या पुढे
बावीसशे हा आकडा लिहिला आहे.
अक्षर वाचता येत नाही, आकडा येतो.

काल डब्याच्या वेळेला नवी मुलगी,
कंधारहून आलेली, जेमतेम एकोणीसची,
शेजारी सरकली. हळूच म्हणाली,
ताई, इथे दवाखाना कुठला चांगला?

मी डाव्या हाताने भाकरी मोडत होते.
म्हटलं, पाळी कधीची आहे तुझी?
ती लाजली, खाली बघायला लागली.

ती नव्हे गं.
कामाची.