विसावा छर्रा

जांबोटीच्या रानात डुक्कर समजून
परसूनं बार काढला, तो माझ्या मांडीत.

बेळगावात, सिव्हिलला, एकोणीस निघाले.
ताटलीत एकेक टण्ण वाजायचा,
मी मोजत होतो.
विसावा शिरेला खेटून.
“इरली बिडी,” डॉक्टर म्हणाले.
महादेवी सिस्टरनं मराठी केलं, “असू दे म्हणतात.”

पोलिसाला सांगितलं, माझ्याच हातून उडाली.
जबाब कानडीत. न वाचताच सही केली.

अडीच महिन्यांनी कुबडी सुटली.
थंडीत मात्र घोट्यापर्यंत मुंग्या येतात.

परसू येतो, रताळी घेऊन.
मांडीकडे बघत नाही.
शेकोटीत पुरतो, उकरतो, मोजतो,
एक सापडत नाही.
काठीनं निखारे ढोसत बसतो नुसता.

इरली बिडी, परसू.