शंभर कोटी दिवस

अशोक चौकाच्या अलीकडं, चादरीच्या दुकानाला चिकटून
अंबादास कोडमांची पंखेदुरुस्तीची टपरी.
सोलापुरातला मे. पत्र्याला हात लावायची सोय नाही.
त्यांनी माझ्या तळहातावर डाळीएवढा मातकट दाणा ठेवला,
दोन तारांचे पाय असलेला.
"वाच."
"एकशे चार."
"चूक."

दहा लिही. पुढं चार शून्यं.
झाले लाख पिकोफॅरड,
म्हणजेच शंभर नॅनो,
म्हणजेच पॉइंट एक मायक्रो.
"नावं तीन, माल तोच," कोडम म्हणाले.
"घरी अम्मा, रेशनकार्डावर नरसव्वा,
कारखान्यात नुसता नंबर."

टिंब तीन घरं डावीकडं न्यायचं की उजवीकडं?
वहीवर घाम ठिबकला,
आणखी एक टिंब वाढलं.

रात्री अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली.
पानात तंबाखू, पानाला दोरा.
पंचवीसची जुडी, अशा चाळीस जुड्या, तेव्हा हजार,
आणि हजाराशिवाय मजुरीची भाषा नाही.
मी वही उघडली.
हजार पिको, तेव्हा एक नॅनो.
हजार नॅनो, तेव्हा कुठं एक मायक्रो.
जुड्यांत मोजलं की आकडा लहान,
विड्यांत मोजलं की मोठा,
सूप तेवढंच जड.

एकशे चारच्या शेजारी के होता.
के म्हणजे दहा टक्के इकडं किंवा तिकडं.
कारखान्यातला चेकर मात्र
छाट एकाच बाजूला काढतो.

आमचा पंखा पाती मोजता येतील असा फिरायचा.
सकाळी त्याचा कॅपॅसिटर सोडवून नेला.
वर छापलेलं, अडीच मायक्रोफॅरड.
मीटर म्हणाला, एक पॉइंट चार.
"छापलेलं कोण खोडतंय," कोडम म्हणाले,
आणि नवा दिला, पासष्ट रुपये, महिन्याअखेरीस.

त्या रात्री सुपातली पानं घरभर झाली.
"दोनवर कर गं, दोनवर!"
पानं वेचता वेचता अम्मानं विचारलं,
"आख्ख्या एका फॅरडला किती पिको लागतात?"
मी एकावर बारा शून्यं मांडली.
ती अंगठ्यानं एकेक शून्य मोजत गेली.
"रोज हजार वळल्या, तर शंभर कोटी दिवस, अम्मा."

तिनं दोऱ्याचं टोक दातात धरलं.
"रविवार धरून?"