दहा फूट

पूल खडकावर उभा, रस्ता काळ्या मातीवर.
सीनेच्या या तीराला दोघांचं कधी पटलं नाही.
पूल जागचा हलत नाही.
रस्ता पावसाळ्यात फुगतो, चैत्रात तडकून खाली बसतो,
आणि मध्ये उरते चार बोटांची पायरी.
वडिलांच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा
घरापासून इथवर दात आवळून गप्प पडलेला माणूस
ह्या पायरीवर ओरडला होता.

आता मी इथं सुपरवायझर.
आराखड्यावर साहेबांची लाल शाई:
एका वेळी अर्धाच रस्ता खोदावा.
दहा फूट कायम मोकळे.
दवाखान्याची गाडी थांबता कामा नये.
वळसा बावीस किलोमीटरचा, तोही ओढ्यातून.

मीटरभर खाली गेलो.
माती लोण्यासारखी, बकेटला चिकटून बसलेली.
जेसीबीवरचा गौस म्हणाला,
"सोडंना की ओ, लईच जीव लावलाय हिनं."
प्रयोगशाळेचा कागद म्हणत होता: भार पेलण्यास अयोग्य.
शेजारच्या रानातल्या मल्लेशप्पा बिराजदारांनी
चिमूटभर चुरगाळून हुंगली.
"अयोग्य? ज्वारी उभी करून दाखवू का तुमच्या साहेबाला?"
अठ्ठावीस ट्रॉल्या भरून नेली त्यांनी.
सगळी नेली असती,
पण उरलेल्या अर्ध्या मातीवर आमचे दहा फूट उभे होते.

कापलेल्या कडेला वाळूची पोती रचली.
कडेजवळ डांबरात एक बारीक चीर,
तिच्यावर आडवी चुन्याची रेघ मारली.
रेघ तुटली तर समजायचं,
कड खड्ड्याकडं निघाली.

खड्ड्यात मुरूम. वीतभर थर, पाणी, रोलर,
पुन्हा वीतभर.
घाई केलेली मुरूम विसरत नाही.

सहाव्या रात्री, दोन वाजून गेले असतील,
पलीकडच्या टोकाला सुंदराबाईंची बॅटरी हलली.
हिरवी.
गौसनं इंजिन बंद केलं. रोलर थांबला.
कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळे
त्या दहा फुटांवरून बाजूला झालो,
जणू आमचं वजनही त्यातून वजा करायचं होतं.
गाडी आली. सायरन नाही, नुसता दिवा फिरत होता,
पोत्यांवर निळा, पाण्यावर निळा, सुंदराबाईंच्या कपाळावर निळा.
पायरीवर धप्प.
आत कोण होतं, ओरडलं की नाही,
काचा बंद होत्या.

मी गुडघ्यावर बसून रेघ पाहिली.
केसाएवढी तुटली होती.
मग कोण झोपतंय.
उजाडेपर्यंत पोती, आणखी पोती,
सुंदराबाईसुद्धा बॅटरी दातात धरून पोती ओढत होत्या.

पुढं उजवी बाजूही झाली. डांबर पडलं.
पायरी गेली.
परवा पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो,
तीच गाडी सोलापूरकडं निघाली होती.
कान देऊन थांबलो.
धप्प नाही. काहीच नाही.
फक्त पायरी जिथं होती तिथं
ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला,
मागचे लाल दिवे क्षणभर पेटले,
मग विझले.
त्याच्या पायाला अजून कुणी कळवलेलं नाही.