गुरुवारपर्यंत

मिरजेत म्हणाले, रिपोर्ट गुरुवारी.
आज सोमवार.
वखारीत हळदीची पोती मोजताना
दोनदा आकडा चुकला.
दिवाणजी काही बोलले नाहीत,
नुसतं पेन खाली ठेवलं.

मग स्कूटर आपसूक हरिपूरच्या रस्त्याला लागली.
जुन्या चिंचा, खाली दगड मारणारी पोरं,
आणि रस्ता संपतो तिथं संगम.
कृष्णा थोडी हिरवट, वारणा थोडी मातकट;
नेमक्या कुठं एक झाल्या
ते बोटानं दाखवता येत नाही.

फोन डिकीत टाकला.
पायरीवर बसून हात पाण्यात सोडले,
नखांतली हळद तशीच राहिली.
पलीकडं कोथळीच्या काठाला नावाडी
बिडी ओढत हाकेची वाट बघत होता.
मी हाक मारली नाही.

वाकलेल्या वेळूवर एक खंड्या.
सूर मारला, रिकामा परतला.
पुन्हा.
रिकामाच.
तिसऱ्यांदा मी श्वास रोखला
तेव्हा कळलं,
सकाळपासून रोखून धरलेला तो दुसरा
मघाशीच कधीतरी सुटून गेला होता.

मासा मिळाला का, दिसलं नाही.
मध्ये म्हशी आल्या.
ऊन माझ्या पाठीवरून उतरून
खालच्या पायरीवर जाऊन बसलं.

'कुठं होता एवढा वेळ?' मालननं विचारलं.
नदीवर, म्हटलं.
पाऊण तास तिला विसरलो होतो
हे नाही सांगितलं.
तिनं भाकरी उलटली, तव्याकडंच बघत म्हणाली,
'बुधवारी मलाबी न्या.'

फोन अजून डिकीतच होता.