बाजूचं दार

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. नदीकाठच्या जुन्या हॉलमध्ये
थंडी फरशीतून पायांत चढते.
चहाच्या टाकीला पाठ शेकत
मी कागदी पेले मोजते आहे.

बाहेर पत्र्याखाली गेरू कालवलाय.
पोरांचे पंजे भिंतभर,
तांबडे, पिवळे, एक चक्क सहा बोटांचा,
कुणीतरी घाईत दोनदा हात ठेवला.
कौन्सिलच्या बाईंनी सलोख्यावरचं भाषण
चार मिनिटांत आवरलं, देव त्यांचं भलं करो.

खिडकीशी डॉर्कस आंटी बसल्यात.
नदीवरचं ओलं गवत, पाती उभी चिरलेली.
मांडीवर दोन पदर घासत त्या दोरी वळतात.
"दोघांना एकाच बाजूला पीळ द्यायचा," त्या सांगतात,
"आणि मग सोडायचं.
ते आपणच उलटे फिरून एकमेकांना धरतात."
दहा-बारा पोरं, दोन आया,
खाटीकखान्यातून रात्रपाळी करून आलेला एक बाप,
सगळ्यांच्या मांड्या हिरव्या.

आंटींच्या लेकीने मघाशी बशा विसळताना सांगितलं:
आई या हॉलमध्ये आली ती एकसष्टनंतर आज.
तेव्हा इथे शनिवारी सिनेमा लागायचा.
पुढच्या चार बाकांमागे दोर ताणलेला असे.
दोराच्या पुढे त्यांची माणसं,
पडद्याला इतकी चिकटून
की घोड्याचं नुसतं नाक दिसे.
दिवे लागायच्या आत त्यांनी निघायचं,
तेही बाजूच्या दाराने.

दुपारी चित्रं वाळत घालायला जागा पुरेना.
सहा वर्षांच्या जोमारने सगळ्यांच्या दोऱ्या
गाठी मारमारून एक केल्या
आणि या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणल्या.
खांबांना खाच होती, लाकूड झिजून पडलेली.
पोराला वाटलं, वा, आयतीच मिळाली.
चिमट्यांवर नदी लटकली, इमू लटकला,
कुणाची तरी आजी, कुणाच्या तरी बाबाचा ट्रक.

आंटींचा हात थांबला.

मी पाहिलं. आणि पाहिलं क्लाइव्ह प्रूएटने.
वय चौऱ्याऐंशी. हॉल त्याच्या बापाचा.
शनिवारी तिकिटं फाडायचं काम त्याचं,
दोर बांधायचंही.

तो उठला, खिशातून चाकू काढला,
खांबाशी गेला.
"कापू नकोस," त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या.
"पोरांनी वळलीय. सोड."

संधिवाताची बोटं, आणि ओलं गवत गाठीत फुगलेलं.
सुंभ जळतो पण पीळ जात नाही म्हणतात.
इथे तर सुंभही कुणी जाळला नव्हता,
असेल अजून माळ्यावर कुठेतरी, नीट गुंडाळलेला.
तो नखाने उकरत राहिला. दाताने ओढून पाहिलं.
कुणी मदतीला गेलं नाही.
जावंसं वाटलं, पण पाय हलेना.

"मी बांधली होती!" जोमार रडवेला.
"छान बांधलीस," आंटी म्हणाल्या.
"जागा चुकली, ती तुझ्या आधीच चुकलेली."

गाठ सुटली.
तो काही पुटपुटला,
नेमकी तेव्हाच टाकीने शीळ घातली,
मला ऐकू आलं नाही. त्यांना आलं असेल.
मग दोरी खिडकीलगत बांधली, उन्हात,
आणि आजीवरून गेरूचा एक ओघळ सावकाश खाली आला.

निघताना आंटी त्याच्यापाशी थबकल्या.
"त्या घोड्याच्या सिनेमाचा शेवट काय होता रे?
आम्हाला कधी दिसलाच नाही."

क्लाइव्हने बराच वेळ आठवलं.
"मलाही नाही ठाऊक," तो म्हणाला,
"तेव्हा मी बाजूचं दार उघडायला
गेलेला असायचो."